भागवंतीचं काय चुकलं?

मैत्रिणींनो, 1984 साली तुमच्या आळीत किती टीव्ही होते ते आठवतंय का? आमच्या पुण्यातल्या वाड्यात एकच होता, मालकांकडे. रात्रीची जेवणं लवकर उरकायची, ओटा पुसायचा, दुधाला विरजण लावायचं आणि मुलांना पुढे घालून मालकांच्या माजघरात जागा धरायची. 'हम लोग' सुरू व्हायच्या आत पोचलं नाही, तर उंबऱ्यावर उभं राहून बघायची पाळी!

7 जुलै 1984 ला ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि 17 डिसेंबर 1985 ला संपली. दीडशेहून अधिक भाग झाले. मनोहर श्याम जोशी यांचं लेखन, पी. कुमार वासुदेव यांचं दिग्दर्शन. आपल्याकडे अशी भागाभागांनी पुढे सरकणारी लांबलचक कौटुंबिक मालिका ही पहिलीच. 'मॅगी'च्या शेवया प्रायोजक होत्या. त्या दोन मिनिटांत होतात यावर सासूबाईंचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, ते सोडा.

घर होतं दिल्लीकडचं, पण परकं असं कधी वाटलं नाही. बसेसर राम हा बाप, दारूपुढे त्याला घरदार दिसायचं नाही. म्हातारे दादा-दादी. थोरला लल्लू नोकरीसाठी वणवण फिरतोय, नन्हेला क्रिकेटचं वेड. बडकी लग्नाची झालेली, मझलीला सिनेमात जायचंय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय. आणि या सगळ्यांच्या मधे भागवंती. पोळ्या लाटणारी, बोलणी खाणारी, नवऱ्याचे बूट काढणारी आई. जयश्री अरोरांनी ती अशी काही उभी केली होती, की माजघरात निम्म्या बायका पदर डोळ्यांना लावून बसायच्या.

या मालिकेमागे सरकारचा एक हेतू होता, हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं? मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या दिग्दर्शकाने मालिकांतून लोकशिक्षणाची एक पद्धत बसवली होती. 1975 च्या त्याच्या मालिकेने प्रौढांना साक्षरतेच्या वर्गाकडे वळवलं आणि पुढच्या एकीने कुटुंबनियोजनाकडे. माहिती आणि प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी तिथला प्रयोग पाहिला आणि तसंच काही इथे करायचं ठरवलं. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले. मग तो आवरता घेऊन घरातली भांडणं, लग्नं, स्त्रीची अवस्था यांवर भर दिला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. (उपदेशाचं असंच असतं. आपली मुलं तरी कुठे ऐकतात!)

साबिदोच्या पद्धतीत पात्रं तीन तऱ्हांची. काही चांगली, त्यांचं भलं होतं. काही वाईट, त्यांना फळं भोगावी लागतात. आणि काही अधलीमधली, धडपडत शहाणी होणारी. आता सांगा, भागवंती कुठे बसते? तुम्ही म्हणाल, चांगल्यांत. मीही तेच म्हणाले असते. पण करणाऱ्यांचा हिशेब उलटा होता. मुकाट्याने सोसत राहिलं की बाईचे कसे हाल होतात, हे दाखवायला भागवंती होती. तिच्यासारखं वागू नका, असं त्यांना सांगायचं होतं!

मालिका संपल्यावर अभ्यासकांनी प्रेक्षकांकडे चौकशी केली, तेव्हा कितीतरी जणांनी भागवंतीलाच आदर्श मानल्याचं आढळलं. त्यात बायकाही होत्याच. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि मालकांचं माजघर डोळ्यांपुढे आलं. "बाई असावी तर अशी," हे वाक्य तिथे किती वेळा उठलं असेल! मीसुद्धा मान डोलावली आहे.

अशोककुमार भागाच्या शेवटी येऊन प्रेमाने दोन गोष्टी समजावायचे. पण आपण आपल्याला हवं तेच ऐकत होतो की काय? दूरदर्शनकडे आणि अशोककुमारांकडे लाखांनी पत्रं आली. बडकीच्या लग्नाला तारा आणि शुभेच्छापत्रं गेली. दादीला कॅन्सर झाला तेव्हा तिला इतक्यात नेऊ नका म्हणून लोकांनी लिहिलं, आणि सुषमा सेठ यांची भूमिका लांबली. (मझली झालेली दिव्या सेठ ही त्यांची खरीखुरी लेक.) मझली सिनेमाच्या नादाने मुंबईला जाऊन फसली, तेव्हा आमच्या वाड्यात, "बरी खोड मोडली," असं एक-दोघी म्हणाल्या. फसवणाऱ्यांना मात्र कोणी काही म्हटलं नाही. बसेसरलाही नाहीच. "दारू वाईट" एवढंच. जसं काही दारूच चालत घरी येत होती!

वाड्यात मागच्या खोलीत एक वहिनी राहायच्या. त्यांच्या घरचंही तसंच होतं, सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. त्या दाराशी भिंतीला टेकून बसायच्या, एकही भाग चुकवायच्या नाहीत. रडायच्या मात्र कधीच नाहीत. एकदा बसेसर झिंगत आला आणि भागवंती निमूटपणे त्याचं ताट वाढायला उठली. सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "सोशिक हो बाई, देवीच ती."

वहिनी पटकन म्हणाल्या, "काकू, देवीला दोन वेळचा नैवेद्य तरी मिळतो."

माजघरात कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी टीव्हीकडचे डोळे काढले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, शिवणाच्या वर्गाची फी किती असते, ते त्यांनी मला विचारून यायला सांगितलं. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.