ध्वनीचा दर्जा आणि जात्यावरचा सूर

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत उभी आहे, तर पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापर्यंत डोंगरी गावे पसरली आहेत. हिंजवडीत नोकरीस जाणाऱ्या तरुणांच्या कानांत इअरफोन असतात. ज्यांना परवडते अशा काहींच्या खिशात मोबाइलखेरीज केवळ संगीत ऐकण्यासाठी घेतलेला एक स्वतंत्र प्लेअरही असतो. ‘हाय-रेझोल्यूशन’, म्हणजे उच्च तपशिलाचे ध्वनिमुद्रण ऐकवणे, हे या यंत्राचे वैशिष्ट्य मानले जाते. त्याची किंमत दहा-पंधरा हजार रुपयांपासून लाख-दोन लाखांपर्यंत जाते. याच तालुक्यातील डोंगरी गावांत पहाटे जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्या मात्र बहुतांशी कोणत्याही यंत्रात न शिरताच विरून गेल्या. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की ध्वनीच्या दर्जासाठी समाजाने नेमका कोठे खर्च करावयास हवा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आकड्यांचा अर्थ

या प्लेअरच्या वेष्टनावर दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात. पहिला किलोहर्ट्झमध्ये असतो, दुसरा बिटमध्ये. ध्वनी ही हवेतील लहर होय. ती आकड्यांत उतरवण्यासाठी दर सेकंदाला हजारो वेळा तिची उंची मोजावी लागते. ही मोजणी सेकंदाला किती वेळा केली ते पहिला आकडा सांगतो. प्रत्येक मोजणी किती बारीक पट्टीने केली ते दुसरा आकडा सांगतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर, म्हणजे सीडीवर, सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीस १६ बिट, असे प्रमाण ठरले. उच्च तपशिलाच्या मुद्रणात हेच प्रमाण ९६,००० किंवा १,९२,००० मोजण्या आणि २४ बिट असे असते.

सीडीचे प्रमाण मनमानीने ठरलेले नव्हते. निरोगी तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि वयाबरोबर ही वरची मर्यादा खाली येते. एखादी लहर अचूकपणे पुन्हा उभी करावयाची, तर तिच्यातील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक मोजण्या पुरतात, हे गणिताने सिद्ध झाले आहे. बिटची गोष्टही तशीच आहे. १६ बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबलचे मिळते. २४ बिटमध्ये ते कागदोपत्री १४४ डेसिबलपर्यंत जाते. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, आणि धावत्या बसमध्ये तो याच्या कितीतरी पट अधिक असतो. त्या गोंगाटात १४४ डेसिबलची सूक्ष्मता शोधणे म्हणजे बाजारच्या दिवशी भर पेठेत कुजबुज ऐकण्यासारखे आहे.

या विषयावर वादापेक्षा प्रयोग अधिक बोलके आहेत. २००७ साली मेयर आणि मोरन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी उच्च तपशिलाचे मुद्रण आणि तेच मुद्रण सीडीच्या प्रमाणात उतरवून, कोणते कोणते आहे हे न सांगता, श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून मिळावीत तितपतच बरोबर आली. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. बारा हजारांहून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते काहीसे वाढले. म्हणजे फरक मुळीच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. पण तो असलाच तर अत्यंत सूक्ष्म आहे, आणि लाख रुपयांच्या तोलाचा तर नाहीच.

खरा फरक कोठे पडतो

याचा अर्थ ध्वनीच्या दर्जाची चर्चाच व्यर्थ आहे, असा मात्र नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी एमपीथ्री पद्धतीने सीडीवरील गाणे मूळ माहितीच्या अकराव्या हिश्शात बसवले जाई. जे ध्वनी इतर ध्वनींच्या आड झाकले जातात ते वगळावयाचे, ही त्यामागील युक्ती. ती कल्पक होती, तरी फार दाबून भरलेल्या मुद्रणात टाळ-चिपळ्यांचा तीक्ष्ण आघात बोथट होतो आणि तंबोऱ्याचा झणत्कार पुसट होतो, हे साध्या कानालाही जाणवते. त्यापासून सीडीच्या दर्जापर्यंतची सुधारणा खरी होती. त्यापुढील प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो आणि लाभ आटत जातो. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा जो नियम असतो, त्याला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

शिवाय महागड्या प्लेअरमधून निघालेला ध्वनी बिनतारी इअरफोनकडे जाताना बहुधा पुन्हा दाबलाच जातो, ही गोष्ट ग्राहकाच्या ध्यानी येत नाही. ज्याला खरोखर फरक हवा आहे त्याने प्रथम बरा, तारेचा हेडफोन घ्यावा आणि चांगल्या रीतीने केलेले मुद्रण निवडावे. मुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन चुकीच्या जागी ठेवला असेल, किंवा गाणे मोठ्याने वाजावे म्हणून त्यातील चढउतार सपाट केले असतील, तर पुढे कितीही बिट लावले तरी गेलेले परत येत नाही.

तरीही अशा वस्तूंना मागणी राहते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिच्यात याचे बरेचसे उत्तर सापडते. वस्तूच्या उपयोगाइतकीच तिच्या किमतीची प्रतिष्ठाही विकली जाते. अर्थात प्रतिष्ठेचा बाजार टिकाऊ असतोच असे नाही. नील यंग या प्रख्यात गायकाने ‘पोनो’ नावाचा उच्च तपशिलाचा प्लेअर काढला. त्यासाठी २०१४ साली जनतेकडून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. यंत्र २०१५ साली ३९९ डॉलरला विक्रीस आले आणि २०१७ साली तो व्यवसाय आटोपला.

बाजाराला न ऐकू आलेले आवाज

येथे पुन्हा मुळशीकडे वळणे आवश्यक आहे. हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १९२१ साली धरणाविरुद्ध सुरू झालेल्या आणि पुढे सेनापती बापटांनी नेतृत्व केलेल्या सत्याग्रहामुळे. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईकडे गेली. त्या काळी ध्वनिमुद्रणाची कला अवगत नव्हती असे नव्हे. १९०२ सालीच कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले होते. परंतु जो आवाज विकला जाण्याजोगा तोच मुद्रित व्हावा, हा बाजाराचा नियम होता. बुडणाऱ्या गावातील दळणाऱ्या बाईचा आवाज विकत कोण घेणार? तो कोणी मुद्रित केला नाही.

पुढे पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि बायकांचे पहाटेचे कष्ट कमी झाले. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. ज्यांनी जाते ओढले नाही त्यांनीच त्याच्या जाण्याबद्दल हळहळावे, हे बरे नव्हे. मात्र जाते थांबले तेव्हा ओवीही थांबली. दोन बायका समोरासमोर बसत, एकीने ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी, आणि जात्याच्या घरघरीनेच लय धरावी, अशी ती गाण्याची रीत होती. माहेर, भाऊ, लेक, पाऊस, पंढरी, सीतेचा वनवास हे तिचे विषय. घरात ज्या दुःखाचा उच्चार करता येत नसे, ते जात्यापाशी मोकळे होई.

हा ठेवा जपला गेला तो कोणा कंपनीमुळे नव्हे. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले गी पॉइत्व्हॅं आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील गरीब डोंगरी संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि नांदगाव, कोळवडे अशा मुळशीतील गावांच्या बायकांचा या कामात मोठा वाटा होता. पाहता पाहता एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ या कामात सहभागी झाले, आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही सिद्ध झाले. पॉइत्व्हॅं २००४ साली वारले. पुढे राईरकरही गेल्या. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या शब्द, भाषांतर आणि आवाजासह सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत.

लाखाहून अधिक ओव्या आणि १२० तासांचा आवाज, या दोन आकड्यांतील अंतर डोळ्यांत भरणारे आहे. शब्द कागदावर आले. परंतु त्यांतील बहुसंख्य ओव्यांचे सूर, दम घेण्याच्या जागा, गळ्यातील कंप हे त्या त्या बाईबरोबर गेले किंवा जात आहेत.

उच्च तपशिलाची योग्य जागा

आणि नेमक्या याच ठिकाणी उच्च तपशिलाच्या यंत्राची खरी गरज आहे. ऐकताना जे २४ बिट अनावश्यक ठरतात, तेच मुद्रण करताना अत्यंत उपयोगी पडतात. वृद्ध बाईचा स्वर केव्हा खाली उतरेल आणि केव्हा एकाएकी चढेल, जाते केव्हा घरघरेल, हे मुद्रण करणाऱ्यास आधी कळत नाही. १६ बिटच्या यंत्रात पातळी अंदाजाने लावावी लागते. ती चुकली तर हळू स्वर खरखरीत बुडतो किंवा चढा स्वर फाटतो. २४ बिटमध्ये वर पुरेशी जागा मोकळी ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येते. पुढे खरखर काढणे, आवाज उजळणे असे संस्कार करतानाही ही अधिकची माहिती कामास येते. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण सुचवले आहे.

याला खर्च तरी किती? १२० तासांचे मुद्रण ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने साठवले, तर सुमारे २५० गिगाबाइट जागा लागते. याच्या चौपट जागा असलेली डिस्क काही हजार रुपयांत मिळते. खेड्यात नेण्याजोगे बरे मुद्रणयंत्र मध्यम दर्जाच्या हाय-रेझोल्यूशन प्लेअरच्या किमतीत येते. उणीव पैशाची नाही. संग्रह ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना होतो, म्हणून तिचा खर्च कोणा एकाला आपला वाटत नाही, आणि बाजार ती आपण होऊन कधीच पुरवीत नाही. ती उणीव शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि विद्यापीठे यांनीच भरून काढावयाची असते. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत आपापल्या आजीचा आवाज नीट मुद्रित केला, गाव, वय आणि तारीख यांची नोंद ठेवली, तिची संमती घेतली आणि प्रतींपैकी एक ग्रंथालयात, एक दुसऱ्या गावी सुरक्षित ठेवली, तरी मोठे काम होईल.

मुद्रणाचे मोल अभिजात संगीताच्या इतिहासानेही दाखवून दिले आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या तबकड्या अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांत खरखर आहे, वरचे सूर कापले गेले आहेत. तरीही जाणकार त्या आजही कान देऊन ऐकतात. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गाणे ऐकलेल्यांनी त्याची अपार स्तुती करून ठेवली आहे. आवाज मात्र आज उपलब्ध नाही. खरखरीतून ऐकू येणारे गाणे आणि मुळीच ऐकू न येणारे गाणे यांतील अंतर भरून काढील, असा प्लेअर कोणत्याही किमतीला मिळणार नाही.

ज्याला छंद आहे त्याने महागडा प्लेअर खुशाल घ्यावा. स्वतःच्या कमाईतून केलेल्या हौसेला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु ध्वनीचा दर्जा आपण विकत घेतला, या समाधानात समाजाने राहू नये. मुळशीच्या डोंगरात जात्यावर दळलेल्या बायकांची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या कंठातील ओव्या उतरवून घेण्यास जो अवधी उरला आहे, तो थोडा आहे.