पाच स्वरांचा कान
बोलीचं विज्ञान : लेखांक ६

पिरेयस हे अथेन्सचं बंदर. ग्रीक जहाजमालकांचा ताफा जगातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक, त्यामुळे तिथल्या कचेऱ्यांत इंग्रजी रोज कानावर पडते. तरीही इंग्रजीतलं जहाज आणि इंग्रजीतली मेंढी, म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’, हे दोन शब्द अनेक ग्रीक माणसांच्या तोंडी एकसारखेच येतात. (‘श’ हा ध्वनीही ग्रीकमध्ये नाही, पण व्यंजनांचं नंतर पाहू.)

आजच्या ग्रीकमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलत नाही. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण इंग्रजीत मात्र, जुन्या मांडणीप्रमाणे, १२ साधे स्वर आहेत. मग बाराच्या बारा पाचांत बसवावे लागतात. ‘हॅट’, ‘हट’ आणि ‘हार्ट’ (लंडनकडे यातला र उच्चारत नाहीत) हे आपल्याला सहज वेगळे ऐकू येतात, कारण मराठीत अ आणि आ आधीपासून आहेत आणि ॲ आपण इंग्रजीकडून घेऊन लिपीतही बसवला. ग्रीक कानाला तिन्हींत एकच आ भेटतो. ग्रीकमध्ये रुळलेले शब्द पाहा : क्लबचा ‘क्लाब’, पबचा ‘पाब’, मॅचचा ‘मात्स’. बर्गरमधला स्वर आ-च्या जवळ बसला नाही, तो ए-कडे गेला आणि ‘बेर्गेर’ झाला.

ही भाषा पूर्वी अशी नव्हती. प्राचीन ग्रीकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ भेद होता, स्वरही जास्त होते. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या क्रातिनोस या विनोदी नाटककाराने मेंढीचं ओरडणं ‘बीटा-इटा, बीटा-इटा’ या अक्षरांनी लिहिलं. आजचा ग्रीक ते ‘वी वी’ असं वाचेल, आणि कुठलीही मेंढी तसं ओरडत नाही. म्हणजे त्या काळी इटा हा लांब ए होता. पुढच्या शतकांत तो इ-मध्ये मिसळला, इतरही काही स्वर तिकडेच गेले. परिणामी आज एकच इ सहा प्रकारे लिहिला जातो. डोळ्याला सहा, कानाला एक, या सवयीत ग्रीक मूल लहानाचं मोठं होतं. इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं दिसली की हा फरक लिहिण्यापुरताच असेल असं त्याला वाटणं माझ्या मते अगदी स्वाभाविक आहे.

म्हणूनच दोष जिभेचा मानणं चूक आहे. कॅथरीन बेस्ट यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार परका ध्वनी आपण आपल्या भाषेतल्या जवळच्या ध्वनीच्या रूपात ऐकतो. परके दोन ध्वनी आपल्या एकाच ध्वनीत सारखेच चपखल बसले, तर त्यांच्यातला फरक ओळखणं सर्वांत अवघड. जे वेगळं ऐकूच आलं नाही, ते वेगळं बोलणार कसं?

वर्गात यावर सोपा तोडगा सांगतात : शीप लांब, शिप आखूड. हा तोडगा फसवा आहे. ‘बीट’ या इंग्रजी शब्दातला ई पुढच्या ट-मुळे इतका आखडतो की ‘बिड’मधल्या इ-एवढाच भरतो. खरा फरक जिभेच्या जागेचा आहे. ‘शिप’ म्हणताना जीभ थोडी खाली, थोडी मध्याकडे आणि सैल असते. ओके-श्वेन बोन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की ज्यांच्या भाषेत लांबीचा भेद नाही, तेसुद्धा जागेतला फरक कळेना की लांबीचाच आधार घेतात. आपणही सावध राहावं. मराठीत इ-ई लिहिताना वेगळे असले, तरी रोजच्या बोलण्यात त्यांचा भेद पुष्कळसा पुसट झाला आहे.

‘बनाना’चं दुखणं वेगळं. इंग्रज मधल्या अक्षरावर जोर देतो आणि पहिला-शेवटचा स्वर जवळजवळ गिळतो. प्रमाण ग्रीकमध्ये आघात नसलेला स्वरही पूर्ण उच्चारतात, म्हणून केळं ‘बानाना’ होतं, तिन्ही आ ठसठशीत. यामुळे इंग्रजीची लय बदलते, आणि ऐकणाऱ्याला ते शिप-शीपच्या गोंधळापेक्षा जास्त जाणवतं असं मला वाटतं.

कान मात्र वळवता येतो. आंगेलोस लेंगेरिस आणि व्हॅलरी हेझन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्रीक भाषकांना अनेक वेगवेगळ्या आवाजांतले इंग्रजी स्वर ऐकवून ओळखायला लावलं. प्रशिक्षणाची सत्रं फक्त पाच होती. ध्वनीच्या कंपनसंख्येतला बारीक फरक ज्यांना आधीपासून चांगला कळत होता, ते प्रशिक्षणानंतर स्वर ओळखण्यात आणि उच्चारण्यातही सरस ठरले.

तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्यांनो, मग तुम्ही अथेन्सचे असा वा अकोल्याचे, मुलांना आधी पुष्कळ ऐकवा, तेही एकाच शिक्षकाच्या आवाजात नको. आरशासमोर ओठांचे आकार घोटण्याचा सराव त्यानंतर.

(पुढील लेखांकात : ग्रीक भाषकांची व्यंजनं)