हंगेरी : सात देशांच्या मधोमध

स्थान : मध्य युरोप. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, युक्रेन, रोमानिया, सर्बिया, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया हे शेजारी. १९२०च्या त्रियानोन तहाने जुन्या राज्याचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला आणि त्यासोबत समुद्रही.

विस्तार : सुमारे ९३ हजार चौ. किमी, महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. बहुतेक प्रदेश सपाट. केकेश हे सर्वोच्च शिखर १,०१४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरेच ठेंगणे.

पाणी : डॅन्यूब आणि तिसा या मुख्य नद्या. बालातोन सरोवर सुमारे ६०० चौ. किमी, पण सरासरी खोली जेमतेम तीन मीटर. उन्हाळ्यात अख्खा देश पोहायला इथेच लोटतो.

माणसे : लोकसंख्या सुमारे ९६ लाख, साधारण सहांतला एक जण राजधानी बुडापेस्टमध्ये राहतो. नाव सांगताना आधी आडनाव, मग स्वतःचे नाव.

रोजचे जगणे : बुडापेस्टचा १८९६चा भुयारी मेट्रोमार्ग आजही रोजच्या वापरात आहे. सेचेनी स्नानगृहात छातीभर गरम पाण्यात उभे राहून आजोबा मंडळी भर थंडीतही बुद्धिबळाचे डाव मांडतात. हे दृश्य आवर्जून पाहावे.

ताटात : गुलाश, म्हणजे गोमांस, कांदा, बटाटा आणि पाप्रिकाचे पातळ सूप. सेगेद आणि कालोचा इथली पाप्रिका मिरची नावाजलेली. शरदात तिच्या लालभडक माळा वाळत घालतात.

जाणाऱ्यांसाठी : शेंगेन व्हिसा चालतो. चलन मात्र युरो नव्हे, फोरिंट.