कणी शिजते कशी?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की भिगवणच्या पुढे इंदापूर तालुक्यातील डाळज लागते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर या भागात उसाचे मळे वाढले. पण हा मुलूख मूळचा रब्बी ज्वारीचा. पाऊस सरता सरता पेरायची, जमिनीतल्या ओलीवर वाढवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायची, अशी ही शाळू ज्वारी. तिची भाकरी तुम्ही रोज खाता. पण ताकातल्या कण्या तुमच्यापैकी किती जणांनी खाल्ल्या आहेत? घरी आजी असेल तर तिला विचारा. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती कांडायची, कोंडा पाखडायचा, दाणे वाळवून जात्यावर जाडसर भरडायचे आणि पीठ चाळून काढायचे. चाळणीत उरतात त्या कण्या.

आता नकाशात आयर्लंड शोधा. थंड, पावसाळी हवेचा हा देश. तेथे ज्वारी येत नाही, ओट येतो. तेथील लोकही ओटाचा सोललेला दाणा पोलादी पात्यांनी कापून त्याचे दोन-तीन तुकडे करतात आणि ते पाण्यात शिजवून सकाळी खातात. या खाद्याचे तेथील एक जुने नाव आहे ‘स्टरअबाउट’. ढवळत राहण्यावरूनच ते पडले. डाळजची आजी आणि आयर्लंडची आजी यांची कधी भेट झाली नाही. तरी दोघीही दाणा फोडतात, भिजत घालतात, आधणात हळूहळू वैरतात आणि ढवळत राहतात. दोघींची रीत सारखी कशी? दाण्यात आणि पाण्यात जे घडते ते दोन्ही देशांत एकच असते, म्हणून!

दाणा ‘शिजला’ म्हणजे नेमके काय झाले? दाण्याचा मोठा भाग पिष्टाचा असतो. पिष्टाचे अगदी सूक्ष्म कण घट्ट बांधणीचे असतात. थंड पाण्यात ते थोडेसेच फुगतात. पाणी तापले, की कणांची बांधणी सैल होते, ते पाणी शोषून टम्म फुगतात आणि मऊ लगदा होतो. ज्वारीच्या पिष्टात हा बदल सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतो. म्हणजे उष्णता हवीच, पण प्रत्येक कणापर्यंत पाणीही पोचले पाहिजे. उष्णता आत लवकर शिरते. पाणी मात्र सावकाश झिरपते. सारा वेळ जातो तो या पाण्याच्या प्रवासात.

येथे थोडे गणित करू. सोयीसाठी ज्वारीचा दाणा ४ मिलिमीटर बाजूचा घन आहे असे समजा. त्याचे पृष्ठफळ ९६ चौरस मिलिमीटर. त्याचे २ मिलिमीटर बाजूचे आठ घन केले, तर एकूण पृष्ठफळ १९२ चौरस मिलिमीटर होते. पाण्याला शिरायला दुप्पट दारे उघडली! शिवाय मध्यापर्यंतचे अंतर निम्मे झाले. झिरपण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे अंतर निम्मे झाले की वेळ साधारण चौथाईवर येतो. जात्याच्या दोन-चार फेऱ्यांनी किती सरपण वाचते ते लक्षात आले ना?

मग सरळ पीठच का घेऊ नये? घेऊन पाहा. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले, की गोळ्याचा बाहेरचा थर ताबडतोब फुगून चिकट होतो आणि आत पाणी जाण्याची वाट बंद करतो. हीच गुठळी. ती फोडली तर आत कोरडे पीठ सापडते. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवावे लागते. कण्या मात्र एकमेकींपासून सुट्या राहतात. त्या लवकर शिजतात आणि खाताना दाताखालीही येतात.

घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन पुढील प्रयोग करा. एक वाटी कण्या रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी काढून टाका. जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाण्याला मीठ घालून आधण आणा आणि त्यात कण्या ढवळत ढवळत सोडा. आच मंद करा. दर पाच मिनिटांनी एक कणी काढून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबा. प्रारंभी मधोमध पांढरा ठिपका दिसेल. तेथे पाणी अजून पोचलेले नाही. ठिपका नाहीसा झाला, की कणी शिजली. भिजवलेल्या कण्यांना साधारण वीस-पंचवीस मिनिटे लागतात. न भिजवलेल्या कण्या आणि अख्खे दाणे घेऊन हीच वेळ मोजा व तक्ता करा.

शिजवताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पातळ पाण्यात तळचे तापलेले पाणी वर येते, वरचे खाली जाते आणि उष्णता सगळीकडे पोचते. कण्या दाटल्या की हे अभिसरण थांबते. मग तळ तापत राहतो, वरचा भाग मागे राहतो आणि बुडाला करपते. आपला पळा किंवा आयरिश आजीची लाकडी काठी हेच थांबलेले अभिसरण हाताने चालू ठेवते. जाड बूड उष्णता सर्वत्र पसरवते, तेही याचसाठी.

कण्या खाली उतरवून कोमट झाल्या, की मग ताक घाला. उकळत्या कण्यांत ताक ओतले तर त्यातील प्रथिने आकसून पाणी वेगळे होते, म्हणजे ताक फुटते. कण्या गार झाल्यावर आणखी घट्ट होतात, कारण पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगू लागतात. ताकाने त्या सैल होतात.

आयर्लंडमध्ये काही घरी रात्री ओटाला एक उकळी आणून भांडे झाकून ठेवतात आणि सकाळी फक्त गरम करतात. रात्रभरात पाणी आपोआप झिरपते, सरपण वाचते. आपल्याकडेही चुलीच्या वैलावर भांडे ठेवून हेच साधत असत. पण सावधान! शिजलेले अन्न आपल्या उन्हाळ्यात रात्रभर कोमट राहिले तर त्यात अपायकारक जंतू वाढतात. तेव्हा ती रीत जशीच्या तशी उचलू नका. कच्च्या कण्या भिजवाव्या व सकाळी शिजवाव्या, हे आपल्या हवेला योग्य.

आता पोषणाचे पाहू. ओटात बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. त्यानेच ओटाच्या लापशीला साईसारखा गुळगुळीतपणा येतो, आणि तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो. ज्वारीत तो फारच थोडा असतो, हे मान्य केले पाहिजे. ज्वारीची आणखी एक अडचण आहे. तिचे मुख्य प्रथिन काफिरिन. पाण्यात शिजवल्यावर त्याचे रेणू गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांत गुंततात आणि पचायला जड होतात. शिवाय लायसिन हे आवश्यक ॲमिनो आम्ल ज्वारीत कमी असते. मग आजीने काय केले? तिने कण्यांत ताक घातले. दुधाच्या प्रथिनात लायसिन भरपूर असते. आंबील करताना तिने पीठ रात्री आंबवले. आंबवल्याने ज्वारीची प्रथिने अधिक पचनसुलभ होतात. तिला लायसिनचे नाव ठाऊक नव्हते, पण जोडी बरोबर जमली होती.

दोन्ही देशांत या खाद्यावर ‘गरिबांचे खाणे’ असा शिक्का बसला. १८४७ च्या दुष्काळात आयर्लंडच्या सरकारी अन्नछत्रांतून लोकांना मक्याच्या पिठाचा स्टरअबाउट वाटला गेला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. आज कापलेला ओट रंगीत डब्यातून दुकानात येतो आणि चांगल्या किमतीला विकला जातो. आपल्या कण्या मात्र घरातून नाहीशा होत आहेत. ओट वाईट नाही, आणि ज्वारी सर्वगुणसंपन्नही नाही. पण जी ज्वारी आपल्या शिवारात जमिनीच्या ओलीवर पिकते, तिला केवळ जुनी म्हणून टाकून देण्यास विज्ञानात काही आधार नाही.

तेव्हा या सुट्टीत आजीकडून कण्या करण्याची रीत लिहून घ्या. आणि प्रत्येक पायरीपुढे एक प्रश्न लिहा : असे का?