कॉलेजला जाताना कोणता सुगंध?

सांगली, मिरज, निपाणी, बेळगाव, सोलापूर या भागांतून दरवर्षी कितीतरी मुले बारावीनंतर शिकायला बेंगळुरूची वाट धरतात. बॅगेत आईने दिलेला चिवडा असतो, दोन नवे शर्ट असतात आणि साबण-पावडर असते. घरी एवढ्यावर सगळे भागत होते. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात लक्षात येते, की वर्गात ज्याच्या-त्याच्या अंगाला कसला ना कसला वास आहे. खोलीतला जोडीदार आरशासमोर तीन-तीन बाटल्या मांडून ठेवतो. मग मनात पाल चुकचुकते. आपल्याला घामाचा वास येत असेल का? परवा बसमध्ये शेजारची मुलगी जरा सरकून बसली, ती त्यामुळेच तर नाही?

मोठ्यांना ही चिंता हसण्यावारी न्यावीशी वाटते. पण अठराव्या वर्षी, परक्या गावात, परक्या भाषेत वावरताना ती मुळीच लहान नसते. मुलगा घरी काही बोलत नाही. महिन्याच्या खर्चातून काटकसर करून एक महागडी बाटली घेतो, सकाळी ती अंगभर फवारतो आणि वर्गात शिरताच पुढच्या बाकावरचे दोघे शिंकू लागतात.

यात निम्मा दोष जाहिरातींचा आहे. फवारा मारला की मुली धावत येतात, हे चित्र टीव्हीने मुलांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे ठेवले. २०११ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला डिओडरंटच्या अशा असभ्य जाहिरातींची दखल घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये तर एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती काढून टाकण्याचा आदेशच निघाला. अशा जाहिराती पाहून जो बाटली निवडतो, तो हमखास उग्र वासाची निवडतो. कॉलेजच्या सुगंधाचे काम अगदी उलटे आहे. हातभर अंतरावर बसलेल्याला तो बरा वाटावा आणि पलीकडच्या बाकावर तो पोहोचूच नये.

आधी घामाचे पाहा

ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या घामावर त्वचेवरचे जिवाणू वाढतात, त्यातली द्रव्ये फोडतात आणि तेव्हा तो ओळखीचा आंबूस वास सुटतो. म्हणून रोजची आंघोळ, नीट पुसलेले अंग आणि धुतलेला बनियन यांना पर्याय नाही. घामावर सेंट मारणे म्हणजे न झाडलेल्या खोलीत उदबत्ती लावण्यासारखे आहे. दोन्ही वास मिळून तिसराच, अधिक वाईट वास तयार होतो. कापडाकडेही लक्ष हवे. पॉलिस्टरचा टी-शर्ट घामाचा वास धरून ठेवतो, सुती शर्ट त्या मानाने लवकर सोडून देतो. हॉस्टेलवर आठवड्यातून एकदाच कपडे धुणाऱ्यांनी तर हे जरूर ध्यानात घ्यावे.

डिओडरंट वास झाकतो आणि जिवाणूंना थोडा आवर घालतो. अँटीपर्स्पिरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार घामाची छिद्रे तात्पुरती बंद करतात. ते रात्री, कोरड्या काखेत लावले तर जास्त उपयोगी पडते. आजोबा दाढीनंतर गालावर तुरटी फिरवीत, तीच ओली करून काखेत फिरवली तरी स्वस्तात काम होते. सेंट किंवा कोलन हे या सगळ्याच्या नंतरचे. ते घामावरचे औषध नव्हे.

कोलनवॉटर ते कोलन

‘कोलन’ हा शब्द मराठी घराला नवा नाही. ताप चढला की कोलनवॉटरची घडी कपाळावर ठेवायची, हे आजीच्या पिढीला पक्के ठाऊक होते. औषधांच्या कपाटातली ती बाटली आणि आजच्या मुलांचे कोलन यांचे घराणे एकच. जर्मनीतील कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने १७०९ च्या सुमारास संत्रे, लिंबू, बर्गमोट अशा फळांच्या सालींतली तेले मद्यार्कात मिसळून एक हलका सुगंध केला आणि त्याला आपल्या नव्या गावाचे नाव दिले. त्या काळी युरोपात जड, कस्तुरीसारख्या वासांची चलती होती. त्यात हा ताजा वास लोकांना भलताच आवडला. आता इंग्रजी चित्रपटांत पुरुषाच्या कुठल्याही सेंटला कोलन म्हणतात, पण बाटलीवर त्या शब्दाला ठरावीक अर्थ आहे.

ढोबळ हिशेब असा. ‘ओ द कोलोन’ म्हणजे सुगंधी तेलाचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के. तास-दोन तासांत वास उडतो. ‘ओ द तॉयलेत’ पाच ते पंधरा टक्के, म्हणजे तीन-चार तास. ‘ओ द पार्फ्यूम’ पंधरा ते वीस टक्के. हा सकाळी लावला तर दुपार ओलांडतो. कंपन्यांप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात. कॉलेजसाठी मधला प्रकार पुरे. ज्याची प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालतात, त्याने तिसरा घ्यावा, पण फवारे कमी करावेत.

चंदनाचे गाव

बेंगळुरूत राहून सुगंधाविषयी विचार करायचा आणि चंदनाचे नाव घ्यायचे नाही, हे बरे नव्हे. इथल्या मेट्रोच्या एका स्थानकाचे नावच ‘सँडल सोप फॅक्टरी’ आहे. यशवंतपूरच्या पुढचे स्टेशन.

त्या कारखान्यामागे एका अडचणीची गोष्ट आहे. म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड पूर्वी तेल काढण्यासाठी युरोपात, मुख्यतः जर्मनीला जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, जहाजे थांबली आणि संस्थानात चंदनाचे ढीग साचू लागले. तेव्हा महाराज होते चौथे कृष्णराज वडियार आणि दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. लाकूड बाहेर जात नाही तर तेल इथेच काढू, असे ठरले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाची रीत बसवली आणि १९१६ साली सरकारी चंदनतेलाचे काम उभे राहिले. पाठोपाठ साबणाची कल्पना निघाली. एस. जी. शास्त्री नावाच्या हुशार तरुणाला त्यासाठी इंग्लंडला शिकायला पाठवले गेले आणि त्यांनी परत येऊन मैसूर सँडल साबणाचा सुगंध जमवला. वेष्टनावर सिंहाचे धड आणि हत्तीचे शिर असलेला शरभ आला, तो अजून आहे. साबण कितीतरी मराठी न्हाणीघरांत पोहोचला, पण हा शरभ कोण, असे फारसे कोणी विचारले नाही.

आता याचा मुलाच्या बाटलीशी संबंध काय? संबंध सुगंधाच्या रचनेशी आहे. कुठलाही सेंट तीन थरांत उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे लिंबू-संत्र्यासारखे हलके वास येतात. त्यांचे रेणू लहान, ते झट्‌कन उडतात. मग तास-दोन तास फुले, लव्हेंडर, मसाल्याचे वास. शेवटी उरते ती बैठक, आणि ती चंदन, देवदार, वाळा अशा जड द्रव्यांची. चंदनातील सँटालॉल सावकाश उडतो, म्हणूनच गंध लावलेल्या कपाळाचा वास दुपारपर्यंत राहतो. वर लिंबूवर्गीय ताजेपणा आणि खाली चंदन किंवा वाळा, ही जोडी कॉलेजसाठी फार सोयीची. वर्गात चालते, वाढदिवसाला चालते, कॅम्पस मुलाखतीतही खटकत नाही. माठातला वाळा आणि देवघरातले चंदन लहानपणापासून नाकात बसलेले असतात, त्यामुळे घरच्यांनाही ती परकी वाटत नाही. स्वस्त बाटलीवर ‘सँडल’ लिहिलेले असले तरी आत बहुधा प्रयोगशाळेत बनवलेला चंदनगंध असतो. त्यात फसवणूक मानण्याचे कारण नाही. अस्सल म्हैसूर चंदनतेल इतके महाग आहे, की ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नाहीच.

न्हाव्याच्या दुकानातल्या दाढीच्या साबणाची आठवण करून देणारा लव्हेंडरचा वास हाही सुरक्षित मार्ग आहे. १९८८ साली आलेल्या ‘कूल वॉटर’नंतर समुद्राच्या वाऱ्यासारख्या वासांची लाट आली, ती अजून ओसरलेली नाही. असे सेंट कोणाला खटकत नाहीत, मात्र वर्गातल्या पाचजणांचा वास एकच येतो. व्हॅनिला, गोड अंबर, ऊद हे वास लग्नाच्या रिसेप्शनला शोभतात. सकाळी आठच्या लेक्चरला नव्हे. आणि हे सगळे फक्त मुलांसाठी असेही नाही. ‘सीके वन’ १९९४ मध्ये मुलगा-मुलगी दोघांसाठी म्हणूनच आला होता. वाळा आणि संत्रे मुलींच्या अंगालाही तितकेच छान वाटते.

बेंगळुरूच्या हवेचा एक फायदा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईसारखी घामाची चिकचिक इथे नसते आणि थंडीही बेताची असते, त्यामुळे उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी अशा दोन बाटल्या लागत नाहीत. उष्णतेने वास अंगावरून जोरात उठतो. मे महिन्यात तोच मुलगा सुट्टीला सोलापूरला गेला, की इथले दोन फवारे तिथे चारांसारखे वाटतील. एकच पुरे.

दुकानात गेल्यावर

ब्रिगेड रोड किंवा कमर्शियल स्ट्रीटला गेलात, तर पहिल्याच दिवशी पैसे देऊ नका. कागदाच्या पट्टीवर तीन-चार वास पाहा, त्यातले दोन निवडा आणि एकेका मनगटावर एकेक मारून घ्या. मनगटे एकमेकांवर घासू नका. मग दुकानाबाहेर पडा, कॉफी प्या, बसने परत या. पट्टीवर आवडतो तो पहिल्या थराचा ताजेपणा. दिवसभर सोबत करणारा वास दोन-तीन तासांनी त्वचेवर कळतो, आणि प्रत्येकाच्या त्वचेवर तो थोडा वेगळा येतो. रात्रीपर्यंत डोके दुखले नाही, त्वचा लाल झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. विक्रेता घाई करील. करू द्यावी.

पदपथावर ‘इम्पोर्टेड’ म्हणून निम्म्या किमतीत मिळणारी बाटली घेऊ नये. परदेशी मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. ती नसेल तर आत काय आहे ते देवच जाणे. देशी मालातही आता निवड भरपूर आहे. टायटनने २०१३ साली ‘स्किन’ ही सेंटची मालिका काढल्यापासून भारतीय सेंटकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

खर्चाचा हिशेब वाटतो तितका भीतिदायक नाही. एका फवाऱ्यात साधारण दशांश मिलिलिटर द्रव जातो. म्हणजे ५० मिलीच्या बाटलीत सुमारे ५०० फवारे. कॉलेजचे महिन्याला २५ दिवस आणि रोज दोन फवारे धरले, तर बाटली दहा महिने पुरते. बाटलीच्या किमतीला दहाने भागा आणि महिन्याचा आकडा बॉडी स्प्रेच्या डब्याशी ताडून पाहा. डबा स्वस्त दिसतो, पण गॅसवर चालणारा असेल तर तो भराभर संपतो.

याहून स्वस्तात हवे असेल तर अत्तर आहेच. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटच्या आसपास अत्तरांची दुकाने आहेत. अत्तरात मद्यार्क नसतो. कनौजला ते तांब्याच्या देगेत फुले किंवा मुळे उकळून, वाफ ‘भपक्या’त धरून काढतात. (मराठीत भपका म्हणजे काय, ते लक्षात ठेवूनच अत्तर लावावे!) वाळ्याच्या अत्तराचे एक बोट कानामागे लावले की दिवसाचे काम झाले. पांढऱ्या शर्टाला मात्र ते लागू देऊ नका, डाग जात नाही.

शेजाऱ्याचेही नाक

दोन फवारे: एक मानेवर, एक छातीवर, शर्टाच्या आत. आपले नाक दहा-वीस मिनिटांत त्या वासाला सरावते आणि ‘उडाला वाटतं’ म्हणून मुले पुन्हा मारतात. उडालेला नसतो, फक्त आपल्याला येत नसतो. शंका असली तर खोलीतल्या मित्राला विचारावे. तो खरे सांगतो, कारण त्यालाच त्या खोलीत झोपायचे असते. एकाच वेळी मोगऱ्याचे केसाचे तेल, डिओडरंट, पावडर आणि सेंट लावू नये. साबण चंदनाचा असेल तर सेंटही त्याच जातीचा ठेवावा.

वर्गात कोणाला दमा किंवा अर्धशिशी असेल तर त्याला सेंटचा त्रास होऊ शकतो. त्याने सांगितले तर राग न धरता त्या दिवसांपुरते बंद करावे. कुणाला भेटायला इस्पितळात जाताना काहीच लावू नये. रसायनशाळेत जाण्याआधी लगेच फवारू नये, मद्यार्क ज्वालाग्राही असतो. संवेदनशील त्वचेवर लिंबूवर्गीय तेले लावून कडक उन्हात फिरल्यास काळे डाग उठू शकतात, तेव्हा क्रिकेटच्या मैदानावर निघताना फवारा उघड्या मानेऐवजी शर्टाच्या आतच मारलेला बरा.

बाटली खिडकीत शोभेला ठेवू नका. ऊन आणि न्हाणीघरातली दमट उष्णता यांनी वास बिघडतो, रंग गडद होतो. कपाटात, खोक्यासकट ठेवली तर दोन-तीन वर्षे सहज टिकते. आणि जोडीदाराने ‘एक फवारा मारू का’ म्हटले तर मारू द्या. पण रोज मागू लागला, तर अर्धे पैसे त्याच्याकडून घ्यावेत.