मूत्राचे घटक व त्याची प्रयोगशाळेतील तपासणी

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. हळदीशी क्षाराचा संयोग होताच तिचा पिवळा रंग तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. रंगाच्या पालटावरून पदार्थाची ओळख पटविण्याचे हे तत्त्व मूत्राच्या तपासणीतही उपयोगी पडते.

निरोगी प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारणपणे एक ते दीड लिटर मूत्र विसर्जित करतो. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात युरिया हा मुख्य घटक असून तो दिवसाला २० ते ३५ ग्रॅम बाहेर पडतो. त्याखेरीज मीठ, पोटॅश, स्फुरदाचे क्षार, क्रिएटिनिन व यूरिक आम्ल हेही असतात. शेतकरी पिकाला जे युरिया खत देतात त्यातील व मूत्रातील युरिया हा एकच पदार्थ होय. शुद्ध युरियात ४६ टक्के नत्र असते. साखर व प्रथिने मात्र निरोगी माणसाच्या मूत्रात साध्या तपासणीत आढळत नाहीत. ती आढळल्यास त्याचे कारण शोधले पाहिजे.

ताजे मूत्र बहुधा किंचित आम्लधर्मी असते. ते तसेच राहू दिल्यास जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात व मूत्र क्षारधर्मी बनते. गोठ्यात मूत्र साचलेल्या जागी जो उग्र वास येतो तो याच वायूचा. गोठ्यात या क्रियेमुळे नत्र हवेत उडून जाते. तपासणीच्या बाटलीत तिच्यामुळे निष्कर्ष बिघडतो. शिवाय जंतू मूत्रातील साखर खाऊन टाकतात आणि पेशी फुटून नाहीशा होतात. म्हणून शिळ्या नमुन्यावरून रोग नाही असे मानणे धोक्याचे आहे.

प्रयोगशाळेत प्रथम रंग, गढूळपणा व विशिष्ट गुरुत्व पाहतात. साखरेसाठी बेनेडिक्टचे द्रावण वापरण्याची पद्धत जुनी आहे. बोर्डो मिश्रणात वापरले जाणारे मोरचूद या द्रावणातही असते. मूत्र घालून तापविल्यावर साखरेच्या प्रमाणानुसार निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी होतो. प्रथिनासाठी मूत्राचा वरचा भाग तापवितात. आलेला गढूळपणा ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकल्यावरही टिकला तर प्रथिन आहे असे समजतात. आता पुष्कळ ठिकाणी रसायने लावलेल्या पट्टीने ही कामे थोड्या वेळात होतात. पू, रक्तपेशी व स्फटिक पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. रक्तदाब वाढून मूत्रात प्रथिन आढळू लागले तर पुढे आकडी येऊन माता व बालक दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. अशा स्त्रीस विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. साखरेविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर १०० मिलिलिटरला साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती मूत्रात उतरते. तेव्हा मूत्रात साखर नसली तरी मधुमेह नाही असे ठरत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी करावी.

उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांच्या शरीरातील पुष्कळ पाणी घामावाटे जाते. पाणी कमी प्यायल्यास मूत्र गडद व दाट होते आणि त्यातील क्षारांचे खडे बनण्याचा संभव वाढतो. फिकट पिवळा रंग हे पाणी पुरेसे पोहोचत असल्याचे सोपे लक्षण होय.

नमुना देताना पुढील दक्षता घ्यावी. हात व जननेंद्रिय स्वच्छ धुवावे. सुरुवातीची धार सोडून मधली धार रुंद तोंडाच्या स्वच्छ व कोरड्या बाटलीत घ्यावी. मधाची, औषधाची किंवा सरबताची बाटली वापरू नये. तळाशी राहिलेली साखर खोटा निष्कर्ष देते. बाटलीवर नाव व वेळ लिहावी. नमुना शक्यतो एका तासाच्या आत, उशिरात उशिरा दोन तासांत तपासला जावा. गाव दूर असल्यास रुग्णाने घरून बाटली नेण्यापेक्षा केंद्रावर जाऊन तेथेच नमुना द्यावा, हे उत्तम. ग्रामसेवक व आशा कार्यकर्तींनी ही गोष्ट घरोघर समजावून सांगावी.