डब्यातलं मेक्सिको

"मावशी, आपल्या घरात मेक्सिको आहे का गं?"

रविवारी सकाळी माझ्या भाचीनं हा प्रश्न टाकला, तेव्हा मी चहा गाळत होते. झालं होतं असं, की सातवीतल्या या बाईसाहेबांनी शाळेत दोन मैत्रिणींना "रविवारी आमच्याकडे मेक्सिकन जेवायला या" असं आमंत्रण देऊन टाकलं होतं. घरात कुणालाही न विचारता! आई-बाबा गावाला गेलेले, बाहेर धो धो पाऊस, कोपऱ्यावरचं दुकान बंद. आणि मैत्रिणी साडेबाराला येणार. "येऊ नका म्हणून फोन करू का?" असं विचारताना तिचा आवाज रडवेला झाला.

मी म्हटलं, "आधी डबे तर उघडू."

एका डब्यात मक्याचं पीठ निघालं. राजमा मी आदल्या रात्रीच उसळीसाठी भिजत घातला होता. टोपलीत चार टोमॅटो, दोन कांदे, मिरच्या. फ्रिजमध्ये दही, थोडं पनीर आणि रात्रीच्या सहा पोळ्या.

"हे तर आपलंच जेवण!" भाची हिरमुसली.

मुलांनो, इथेच तर गंमत आहे. मका, राजमा, मिरची आणि टोमॅटो ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, आणि मेक्सिकोत ती हजारो वर्षं पिकत आली आहेत. 'टोमॅटो' हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'टोमाट्ल'वरून आलाय. ज्ञानेश्वरांच्या काळात आपल्याकडे मिरची नव्हतीच, तिखट हवं तर मिरी वापरायची! पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं आणि त्याच शतकात मिरची आपल्याकडे आली. उलट कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरं आणि लिंबू मेक्सिकोला मिळाले ते स्पॅनिश लोकांमुळे, १५२१ नंतर. म्हणजे उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली, बरं का!

लागलो कामाला. राजमा कुकरला लावला आणि तो बोटानं दाबल्यावर पिठासारखा होईपर्यंत शिजवला. (राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधीच खायचा नाही, पोट चांगलंच बिघडतं.) तेलात कांदा-लसूण परतून त्यात तो पळीनं ठेचला, मीठ घातलं. मेक्सिकोत याला 'फ्रिहोलेस रेफ्रितोस' म्हणतात. मग टोमॅटो आणि दोन मिरच्या वांग्यासारख्या थेट गॅसवर भाजल्या. साल काढून लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटल्या, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. झाला साल्सा! मिक्सर होता, पण तिकडेही दगडी खलातच कुटतात. त्या खलाचं नाव मोलकाहेते.

आता पाळी मक्याच्या पोळीची, म्हणजे तोर्तियाची. भाचीनं पीठ मळलं, गोळा लाटायला घेतला आणि त्याचा झाला भारताचा नकाशा. तव्यावर टाकला तर नकाशाचे तुकडे!

"मेक्सिकोतल्या बायकांचं कसं तुटत नाही?"

त्याचं उत्तर आहे चुना. होय, पानाला लावतात तोच पदार्थ. तिथे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. दाण्यांची सालं सुटली की धुऊन 'मेताते'वर, म्हणजे त्यांच्या पाट्यावर, वाटतात. चुन्यामुळे पीठ चिकट होतं. शिवाय मक्यात अडकून बसलेलं 'ब' गटातलं एक जीवनसत्त्वही मोकळं होतं. युरोपियन लोकांनी मका नेला, पण ही युक्ती नेली नाही. मग इटली आणि स्पेनमधली मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगानं हैराण झाली. कातडी सोलायची, काहींचं तर डोकंही फिरायचं. एका चिमूटभर चुन्याची किंमत बघा! (घरी मात्र चुन्याचे प्रयोग करू नका. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.)

आम्ही उकळत्या पाण्यात पीठ मळून, त्यात थोडी कणीक घालून कशाबशा चार तोर्तिया केल्या. आणि त्या सहा शिळ्या पोळ्या? भाची म्हणाली, "गव्हाची पोळी म्हणजे चीटिंग." अजिबात नाही. उत्तर मेक्सिकोत, सोनोरा राज्यात, गव्हाचीच तोर्तिया खातात. आणि १९६६ साली आपल्या देशानं १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं होतं, तेही मेक्सिकोहूनच!

पोळ्यांचे शंकरपाळ्यांएवढे तुकडे केले, तेलात कुरकुरीत परतले. उरलेला साल्सा पातळ करून कढईत उकळला, तुकडे त्यात घोळवले. वर कुस्करलेलं पनीर आणि मीठ घालून फेटलेलं दही. याचं नाव चिलाकीलेस. शिळ्या तोर्तिया संपवायला मेक्सिकोतल्या घराघरांत न्याहारीला हेच करतात.

मैत्रिणी पावणेएकला आल्या, चिंब भिजून. पहिला घास घेऊन एक जण म्हणाली, "अगं, ही तर फोडणीची पोळी!"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. मग तिनंच टोमॅटोपासून चुन्यापर्यंत सगळी कहाणी सांगितली, सोनोरासकट. ऐकता ऐकता दोघींनी कढई रिकामी केली.

राजम्याची संध्याकाळची उसळ मात्र राहिली. राजमा उरलाच नाही.